सहा इंच खाली!

हॉलिवूड झालं, डिस्नेलँड झालं… आता जरा खाली वाकून बघा. लॉस एंजेलिसच्या खऱ्या हिरॉइन्स रस्त्याला चिकटून बसल्यात!

एल.ए.ला कोणी निघालं की यादी ठरलेली असते. फुटपाथवरचे तारे, युनिव्हर्सल स्टुडिओ, सांता मोनिकाचा धक्का आणि उरलेल्या वेळात आउटलेट मॉलमधून आईला पर्स, बाबांना बूट. छान आहे, करा सगळं. फक्त एक शुक्रवारची संध्याकाळ रिकामी ठेवा आणि बरबँकमधल्या रिव्हरसाइड ड्राइव्हवर ‘बॉब्ज बिग बॉय’ला जा. १९४९ सालची इमारत, वेन मॅकॅलिस्टर या आर्किटेक्टने बांधलेली, बाहेर चौकटीच्या चड्डीतला गुबगुबीत पोरगा हातात बर्गर घेऊन उभा. दिग्दर्शक डेव्हिड लिंच वर्षानुवर्षं रोज दुपारी इथे येऊन चॉकलेट मिल्कशेक प्यायचे. जानेवारी २०२५ मध्ये ते गेले तेव्हा चाहत्यांनी या पोराच्या पायाशी फुलं आणि कॉफीचे कप ठेवले होते. (शाकाहारी मंडळींनी फ्राइज आणि तोच मिल्कशेक घ्यावा, पोट भरतं.)

पण शुक्रवारी इथे लोक खायला येत नाहीत. पार्किंगमध्ये जुन्या गाड्या येऊन लागतात. तिकीट नाही, स्टेज नाही, अँकर नाही. बॉनेट उघडं टाकायचं, डिकीतून फोल्डिंगची खुर्ची काढायची आणि बसायचं. कोणी काही विचारलं तर सांगायचं. आपल्याकडे कट्ट्यावर बसतात ना, अगदी तस्सं!

प्रोजेक्टच्या निमित्ताने मी आठ आठवडे या शहरात होते. कारमधलं मला फार कळतं अशातला भाग नाही. ऑफिसची कॅब वेळेवर आली की माझी कार या विषयातली आवड संपते. पण पहिल्याच शुक्रवारी दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या दिसल्या आणि मी जाम कन्फ्यूज झाले. दोन्ही १९३२ च्या फोर्ड रोडस्टर. दोघींची मडगार्डं काढलेली, चाकं साधारण तेवढीच. तरी एक उभी होती आणि दुसरी चक्क मांडी घालून बसली होती. तिच्या दाराची वरची कड माझ्या कमरेच्याही खाली. इंजिन बॉडीच्या वर डोकं काढून बघत होतं.

“हिला काय झालंय?” असं मी विचारलं आणि पुढची वीस मिनिटं मला चॅनलिंग समजावून सांगण्यात आलं.

तळ नसलेली गाडी

तर फंडा असा आहे. आजच्या आपल्या बहुतेक गाड्यांना बॉडी वेगळी आणि सांगाडा वेगळा असं नसतंच, सगळा पत्रा मिळून एकच डबा असतो. जुन्या गाड्यांचं तसं नव्हतं. खाली लोखंडी पट्ट्यांची शिडीसारखी चासी, तिला इंजिन, पाटे, चाकं. आणि वर बॉडी नुसती बोल्टांनी बसवलेली. पटत नसेल तर हायवे आठवा. कारखान्यातून निघालेली ट्रकची नुसती चासी, ना केबिन ना काच, तोंडाला उपरणं गुंडाळून ड्रायव्हर वाऱ्यात बसलाय… पाहिलीये ना? तीच ती. बॉडी नंतर, बॉडीवाल्याकडे.

आता ही बॉडी चासीच्या डोक्यावर बसते, म्हणजे चासीच्या जाडीइतकी गाडी फुकटच उंच होते. मग चॅनलिंग करणारा काय करतो? बॉडी उचलून बाजूला घेतो. आतून पाइपांचे आडवे-तिरके आधार वेल्ड करतो, नाहीतर कापताना बॉडी पसरते आणि मग दारं जन्मात लागत नाहीत. आणि मग गाडीचा तळच कापून टाकतो. पूर्ण! तळ नसलेली ती बॉडी टोपलीसारखी चासीवर वरून घालायची आणि चार-सहा इंच खाली सरकवायची. चासी आता बॉडीच्या पोटात. मग नव्या पट्ट्या, नवा तळ, पुन्हा वेल्डिंग.

हे इतकं सोपं वाटतं की कोणीही शनिवार-रविवारात करून टाकेल. पण खरी गंमत सोमवारपासून सुरू होते. बॉडी खाली आली, पण इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर तिथेच आहेत. त्यामुळे रेडिएटर आता बॉनेटच्या वर डोकावतो. तो कापून बुटका करा. बॉनेट बसत नाही, काढून ठेवा. स्टिअरिंगचा दांडा हनुवटीला लागतो, तो आडवा करा. पेडलं हलवा. मडगार्डं ठेवायची असतील तर ती बॉडीवर तेवढीच वर सरकवा. मॉडेल ए असेल तर आणखी मज्जा. तिची पेट्रोलची टाकी डॅशबोर्डच्या मागे, बसणाऱ्याच्या गुडघ्यांवरच असते. बॉडीबरोबर तीही खाली येते, म्हणून ती काढून डिकीत न्यायची.

आणि माणूस? बॉडी खाली गेली, पण तळ चासीच्या वरच राहिला. म्हणजे आतली उंची तेवढीच कमी. सीट जवळजवळ जमिनीवर, पाय सरळ समोर. आपण भारतीय बैठकीत पाय पसरून बसतो तसं बसून क्लच दाबायचा. छप्पर असलेली गाडी असेल तर डोकंही आपटतं.

गाडीला बुटकं करायचे इतर मार्गही आहेत. छताचे खांब कापून छप्पर खाली आणायचं ते चॉपिंग. बॉडीच्या पोटातून आडवी पट्टी कापून वरचा-खालचा भाग जोडायचा ते सेक्शनिंग. शिंप्याकडे शर्ट अल्टर करायला द्यावा तसं हे सगळं चालतं, फक्त कापड पत्र्याचं.

मला आवडलेली गोष्ट मात्र वेगळीच. चॅनलिंग केल्याने गाडी रस्त्याच्या जवळ येतच नाही! चासी होती तिथेच असते, बॉडी फक्त तिच्या खालच्या कडेपर्यंत येते. म्हणजे आपल्या सोसायटीच्या दारातल्या त्या राक्षसी स्पीडब्रेकरवर ती आधीइतकीच घासेल, जास्त नाही. दिसायला जमिनीला टेकलेली, प्रत्यक्षात होती तिथेच. हे लक्षात ठेवा, पुढे कायद्याचा विषय निघणार आहे.

पूर्वेची बैठक, पश्चिमेचा ताठा

मांडी घातलेल्या गाडीकडे बॉब्जवरचे सगळेच प्रेमाने बघत नव्हते, हेही सांगायला हवं. १९३२ च्या फोर्डला हे लोक ‘ड्यूस’ म्हणतात. स्वस्त गाडीत व्ही-एट इंजिन मिळालं ते पहिल्यांदा हिच्यात, ६५ हॉर्सपॉवरचं. आणि हिची चासी दिसायलाही सुंदर होती. बाहेरून दिसणाऱ्या पट्टीवर छान नक्षीदार खोलगट रेघ. कॅलिफोर्नियावाल्यांचं म्हणणं, एवढी देखणी चासी पोटात लपवायची कशाला? त्यांनी मडगार्डं काढली, बॉडी चासीवरच ठेवली आणि तिला नाव दिलं ‘हायबॉय’. चॅनलिंगची खरी क्रेझ पिकली अमेरिकेच्या पूर्वेकडे आणि मिशिगन वगैरे भागात.

त्या मिशिगनच्याच एका पोराची ड्यूस जगभर पोचली. क्लॅरेन्स कटालो ऊर्फ ‘चिली’. त्याने आपली कूप चॅनल केली, मग ती घेऊन एल.ए.ला आला आणि जॉर्ज बॅरिसच्या वर्कशॉपमध्ये तिचं छप्परही उतरवून घेतलं. जुलै १९६१ मध्ये ती ‘हॉट रॉड’ मासिकाच्या कव्हरवर आली आणि १९६३ मध्ये बीच बॉइजच्या ‘लिटल ड्यूस कूप’ या अल्बमच्या कव्हरवर. कॅलिफोर्नियाच्या गाण्यांच्या कव्हरवर मिशिगनची बैठक! कॅलिफोर्नियावाले याविषयी फार बोलत नाहीत.

वाळलेल्या तळ्यावर

हा खटाटोप मुळात कशासाठी? स्टाइलसाठी? नाही. उत्तर शहरापासून साधारण दोन तासांवर आहे, मोहावी वाळवंटात. एका रविवारी रूममेटला पहाटे चारला उठवून मी एल मिराजला गेले. (त्याने अजून माफ केलेलं नाही.)

एल मिराज म्हणजे आटलेलं तळं. मैलोन्मैल सपाट, फिकट, भेगाळलेली माती. झाड नाही, सावली नाही. अशा तळ्यांवर एल.ए.ची पोरं १९३० च्या दशकापासून गाड्या पळवायला येत होती. त्यांच्या क्लबांनी १९३७ मध्ये एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. तेव्हा मुख्य जागा होती म्युरॉक. दुसऱ्या महायुद्धात ती लष्कराने घेतली, आज तिथे एडवर्ड्स हा हवाई दलाचा तळ आहे. १९८१ मध्ये कोलंबिया हे स्पेस शटल पहिल्या उड्डाणानंतर उतरलं ते याच तळ्याच्या मातीवर. एल मिराजवर मात्र ती असोसिएशन अजूनही शर्यती घेते. शर्यत म्हणजे दोन गाड्या शेजारी नाहीत. एकेकाने यायचं, १.३ मैलाचा ट्रॅक, शेवटी घड्याळ. धूळ खाली बसली की पुढचा.

इथे उभं राहिलं की चॅनलिंगचा अर्थ कळतो. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट केला की रेटा चौपट, आणि त्यासाठी लागणारी ताकद आठपट! १९३८ मध्ये पंपावर काम करणाऱ्या पोराला आठपट ताकदीचं इंजिन कोण देणार? पण करवत आणि वेल्डिंगचा सेट उसना मिळतो. हवेला आडवा येणारा पत्रा कमी करा, वजन खाली आणा. मडगार्डं काढा, काच काढा, बॉडी खाली घ्या. गरिबाची हॉर्सपॉवर म्हणा ना.

माझ्या समोरून एक मॉडेल ए रोडस्टर गेली. ड्रायव्हरचं फक्त हेल्मेट दिसत होतं, बाकी माणूस गाडीच्या आत आडवाच असावा. सुरुवातीला आवाज, मग नुसता धुळीचा पिवळा पडदा, मग आवाजही लांब. माझ्या केसांतली माती तीन शाम्पूंनंतर निघाली.

युद्धावरून परतलेल्या पोरांकडे थोडे पैसे होते आणि लष्करात शिकलेलं वेल्डिंगही. जानेवारी १९४८ मध्ये रॉबर्ट पीटरसन या तरुणाने ‘हॉट रॉड’ मासिक काढलं, १९४९ मध्ये युटाच्या बॉनव्हिल मिठागरावर पहिला स्पीड वीक झाला आणि तळ्यावरची फॅशन देशभर पोचली. याच पीटरसनच्या नावाचं म्युझियम विल्शर बुलेव्हार्डवर आहे. लाल इमारतीला स्टीलच्या रिबिनी गुंडाळलेल्या, चुकणं शक्य नाही. तळघरातली ‘व्हॉल्ट’ टूर घ्या, बाकी मजले पळत बघितले तरी चालतील. सगळं फार चकाचक आहे. १९९७ पासून तर पेबल बीचच्या अतिश्रीमंत कार-सोहळ्यातही हॉट रॉडना जागा मिळाली. गवतावर, शॅम्पेनच्या शेजारी. ज्या गाड्यांना पोलिस थांबवत होते त्या!

पोमोनाची पहाट

चकाचक नको असेल तर पोमोनाला जा. फेअरप्लेक्सच्या मैदानावर वर्षातल्या ठरावीक रविवारी स्वॅप मीट भरतो. जुन्या गाड्यांचा आठवडी बाजारच समजा. पहाटे अंधारात लोक टॉर्च घेऊन फिरतात. गंजलेले रेडिएटर, दिव्यांचे डोळे, एकेकटी दारं, आणि रांगेने विकायला उभ्या गाड्या, काचेवर मार्करने लिहिलेला भाव.

त्यातल्या एका गाडीवर भावाखाली आणखी एक ओळ होती : ‘तळ कापणार असाल तर विचारू नका.’

गाडी होती १९३१ ची मॉडेल ए कूप, काळी, रंग ठिकठिकाणी उडालेला. शेजारी खुर्चीत ब्याऐंशी वर्षांचे आजोबा, काठी टेकून. त्यांच्या मागे त्यांचा मुलगा उभा, साठीच्या आसपासचा, वैतागलेला. मी त्या ओळीचा अर्थ विचारला. आजोबा खूष झाले, मुलाने आकाशाकडे बघितलं.

गाडी त्यांनी १९६२ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये चॅनल केली. वय एकोणीस. वडिलांच्या गॅरेजमध्ये, मामाच्या वेल्डिंग सेटवर. सहा इंच. “मोजून सहा?” मी विचारलं. “डावीकडे सहा, उजवीकडे सव्वासहा. तू कोणाला सांगू नकोस.” १९६९ मध्ये विमानाच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून ते कॅलिफोर्नियाला आले, तेही याच गाडीतून, बायको शेजारी. तीन हजार मैल, पाय सरळ समोर करून. इथल्या लोकांनी लगेच ओळखलं, ही पूर्वेची गाडी. चेष्टाही झाली.

आता कंबरेचा सांधा बदललाय. गेली चार वर्षं ते या गाडीत बसू शकलेले नाहीत. आत उतरायचं म्हणजे आधी चासीची कड ओलांडायची, मग जवळजवळ जमिनीवर बसायचं. बसता येईलही एखाद्या वेळी, उठता येत नाही.

मुलाचं म्हणणं साधं होतं. गाडी पुन्हा वर घेऊ. मॉडेल एचे खालचे पत्रे, तळाचे तुकडे नवे तयार मिळतात. चांगला कारागीर तीन-चार महिन्यांत बॉडी मूळ उंचीवर बसवून देईल. बाबा त्यात बसतील, आणि विकायचीच तर भावही बरा येईल, कारण मूळ स्टीलच्या बॉडीला आज मान आहे. तो चुकीचं बोलत नव्हता. १९७० नंतर अशा कितीतरी चॅनल केलेल्या गाड्या पुन्हा वर घेतल्या गेल्यात. जुनं वेल्डिंग म्हणजे पोराटोरांनी केलेली नासधूस, ती दुरुस्त करायची, असाच विचार तेव्हा होता. हल्ली उलटं वारं वाहतंय, १९६० चं काम तसंच जपणारे वाढलेत. पण ते इंटरनेटवर जास्त आणि पोमोनाला चेकबुक घेऊन कमी येतात.

आम्ही बोलत असतानाच एक गिऱ्हाईक आलं. सहा फूट उंच, सभ्य माणूस. वाकून खाली बघितलं, वेल्डिंगवरून बोट फिरवलं, भाव मान्य केला. घासाघीस नाही! मग प्रामाणिकपणे म्हणाला, मी हिला वर घेणार, मला ही मावत नाही. आजोबा म्हणाले, मग तुला मावणारी घे. झालं. माणूस हात मिळवून गेला.

“चौथा रविवार,” मुलगा मला म्हणाला. आवाज हळू, पण आजोबांना ऐकू जाईल इतका. “आईच्या औषधांचं बिल बघितलंय का यांनी?”

आजोबांनी ते ऐकलं की नाही कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तू किती उंच आहेस?” पाच फूट दोन इंच. “बस.” मी चपला काढणार होते, आपली सवय, पण ते हसले. कड ओलांडली, सरकत खाली गेले, पाय समोर टाकले… आणि राव, मी बरोब्बर बसले! डोकं छताला लागत नाही, पाय पेडलला पोचतात, स्टिअरिंग छातीसमोर. समोरची काच म्हणजे टपालाच्या पेटीची फट. तिच्यातून रस्ता असा दिसतो जणू आपण त्याच्यावर बसूनच पुढे सरकतोय. तळाचा पत्रा गार होता आणि त्यावरची वेल्डिंगची रेघ वाकडीतिकडी, हाताला लागणारी. सव्वासहाची बाजू माझ्या उजवीकडे होती.

“माझी बायको तुझ्याएवढीच,” आजोबा खिडकीतून म्हणाले.

मुलगा काही बोलला नाही. त्याने मला बाहेर यायला हात दिला. मग वडिलांच्या खुर्चीवर ऊन येत होतं म्हणून त्याने छत्री हलवली. बाजार उठला तेव्हा गाडी ट्रेलरवर चढत होती, काचेवरच्या दोन्ही ओळींसकट.

खाली, आणि सावकाश

तळ्यावर वेगासाठी बुटकी झालेली गाडी शहरात आली आणि तिचं काहीतरी भलतंच झालं. ती सावकाश चालायला लागली! त्यासाठी डाउनटाउनच्या पूर्वेला, ईस्ट एल.ए.च्या व्हिटियर बुलेव्हार्डवर जावं लागतं. टीममधला एक जण इथेच वाढलेला, मेक्सिकन-अमेरिकन घरातला. रविवारी संध्याकाळी तो मला घेऊन गेला. रस्त्यावर कमान, टाको विकणारे, आणि दहाच्या स्पीडने चाललेल्या १९६४ च्या इम्पाला. लोरायडर.

यांचा मार्ग चॅनलिंगचा नाही. बॉडी-चासी तशीच ठेवून सगळी गाडीच खाली आणायची. आधी डिकीत वाळूची पोती, मग स्प्रिंगा कापणं. आणि इथेच कायदा आडवा आला. १९५८ पासून कॅलिफोर्नियात गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या तळाखाली आला तर गुन्हा. आता मघाचं आठवा. चॅनल केलेल्या रोडस्टरची चासी होती तिथेच असते, ती या मापात बसू शकते. स्प्रिंगा कापलेली शेवरोले अडकते. कागदावर नियम सगळ्यांना सारखा. फूटपट्टी मात्र अशा जागी लावलेली की या मोहल्ल्यातली पोरं आधी सापडावीत.

त्यावरचा तोडगा सॉलिड होता. सॅन बर्नार्डिनो भागातल्या रॉन अगिरेने १९५९ च्या सुमारास वडिलांच्या मदतीने आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप बसवले. बटण दाबलं की गाडी खाली, पोलिस दिसला की वर! युद्धातल्या विमानांचे भंगारात निघालेले पंप पुढे कित्येक डिक्यांत गेले. मग शहरांनी क्रूझिंगवरच बंदी घातली, म्हणजे एकाच रस्त्यावरून पुन्हा पुन्हा सावकाश फिरणंच बेकायदा. याच बुलेव्हार्डवर २९ ऑगस्ट १९७० ला युद्धविरोधी मोर्चानंतरच्या गोंधळात पत्रकार रुबेन सालाझार पोलिसांच्या अश्रुधुराच्या नळकांड्याने मारले गेले. या रस्त्यावर रेंगाळणं ही इथे कधीच नुसती टाइमपासची गोष्ट नव्हती.

सहकाऱ्याच्या वडिलांना या रस्त्यावर किती चलान मिळाली? त्याने बोटं मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिलं. त्यांनी गाडी विकली, १९८० च्या दशकात. दंडाचा कंटाळा आला म्हणून. गुलाबांच्या चित्रांनी मढवलेली ‘जिप्सी रोझ’ ही इम्पाला २०१७ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या यादीत गेली, वॉशिंग्टनमध्ये काचेच्या पेटीत मांडली गेली. पण तिच्या बहिणी रस्त्यावर उतरल्या तर दंड चालूच होता. शेवटी ऑक्टोबर २०२३ मध्ये सही झालेल्या कायद्याने, डेव्हिड अल्वारेझ यांच्या ‘एबी ४३६’ने, क्रूझिंगबंदी आणि ते रिमचं माप दोन्ही राज्यभर रद्द केलं. १ जानेवारी २०२४ पासून लागू. पासष्ट वर्षांहून जास्त चाललेली फूटपट्टी!

वडील आता सेकंडहँड इम्पाला शोधतायत. आई म्हणते, आधी गॅरेजमधलं वॉशिंग मशीन हलवा.

(आपल्याकडे यातलं काही करून बघायचा विचार असेल तर थांबा. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्ही मूळ रचनेत असे बदल करू देत नाहीत. आरटीओच्या साहेबांना बीच बॉइज ऐकवून उपयोग नाही.)

जाणार असाल तर…

बॉब्जला शुक्रवारी अंधार पडायच्या आत पोचा, नंतर पार्किंग मिळत नाही. गाडीला हात लावण्याआधी विचारायचं, जीन्सच्या बटणाने ओरखडा पडला तर अर्धं पार्किंग तुमच्याकडे बघतं. पोमोनाच्या स्वॅप मीटच्या तारखा निघण्याआधी नेटवर बघून घ्या, दर रविवारी नसतो. पहाटे थंडी, दहानंतर भाजून निघाल, तेव्हा जॅकेट आणि टोपी दोन्ही. रोख पैसे ठेवा. एल मिराजला शर्यती ठरावीक महिन्यांतच असतात आणि तिथे पाण्याचा थेंब मिळत नाही. पाणी, खाणं, सनस्क्रीन सगळं बरोबर न्यायचं, आणि भाड्याची गाडी परत देण्याआधी धुऊन घ्यायची. व्हिटियर बुलेव्हार्डला रविवारी संध्याकाळी जा, खिडक्या खाली करा, घाई असेल तर दुसरा रस्ता घ्या.